रिसोग्राफ छपाई: लहान चित्रप्रदर्शनांच्या पोस्टरसाठी कितपत उपयोगी?

गेल्या चार वर्षांत मी लहान चित्रप्रदर्शनांसाठी जी पोस्टर्स केली, त्यांपैकी नऊ रिसोग्राफवर, म्हणजे स्टेन्सिलच्या छिद्रांमधून शाई कागदावर उतरवणाऱ्या यंत्रावर, छापून घेतली. ही सगळी छपाई एकाच छापखान्यात झाली. दोन यंत्रे आणि सहा रंगांचे ड्रम (शाईची नळकांडी) एवढ्यावर चालणारा हा छापखाना प्रामुख्याने चित्रकार, छोटे प्रकाशक आणि माझ्यासारखे ग्राफिक डिझायनर यांची कामे करतो. हे परीक्षण मात्र त्या एका छापखान्याचे नाही, या सेवेचे आहे. कारण यंत्राची कार्यपद्धती सगळीकडे सारखीच असते आणि तिच्यातून येणारे गुणदोषही सारखेच असतात. माझे मत आधीच सांगते. शंभर-दोनशे प्रती हव्या असतील, पोस्टर ए३ आकाराचे असेल आणि ते छताखालच्या भिंतीवर लागणार असेल, तर आज मला याहून योग्य छपाई माहीत नाही. पण चित्रकाराचे चित्र पोस्टरवर जसेच्या तसे दिसलेच पाहिजे अशी अट असेल, तर या छपाईच्या वाटेला जाऊ नये.

लहान प्रदर्शनाच्या पोस्टरची अडचण अशी असते की, त्याच्या प्रती ऑफसेटला परवडण्याइतक्या जास्त नसतात आणि हाताने स्क्रीन प्रिंटिंग करून भागेल इतक्या कमीही नसतात. पाच-सात चित्रकार मिळून आठवडाभरासाठी एखादे दालन घेतात, चित्रांच्या चौकटी करण्यातच हाती असलेला पैसा संपतो, आणि पोस्टरचा विषय उद्घाटनाला जेमतेम दोन आठवडे उरले असताना निघतो. अशा वेळी बहुतेक जण डिजिटल प्रिंटकडे वळतात. डिजिटल प्रिंटमध्ये वाईट काही नाही. ते वेगाने होते, स्वच्छ येते आणि वीस प्रतींसाठी तर तेच योग्य आहे. पण त्या पोस्टरला कागदाशी काही देणेघेणे नसते. टोनर कागदाच्या पृष्ठभागावर बसलेला असतो आणि प्रत्येक पोस्टरवर तीच एकसारखी, किंचित मेणचट झाक दिसते. चित्रे उतरवली जातात, दालन रिकामे होते, आणि त्या आठ दिवसांचे जे काही मागे उरते ते बहुधा पोस्टरच असते. म्हणून ते हातात घेतल्यावर कसे वाटते, हा प्रश्न मला गौण वाटत नाही.

रिसोग्राफ हे जपानच्या रिसो कागाकु या कंपनीचे यंत्र. नोबोरू हायामा यांनी १९४६ साली टोकियोत छपाईचा लहानसा व्यवसाय म्हणून ही कंपनी सुरू केली. ‘रिसो’ या जपानी शब्दाचा अर्थ ‘आदर्श’ असा आहे. १९८०च्या दशकात रूढ झालेले हे यंत्र कलेसाठी बनवलेलेच नव्हते. शाळा, कार्यालये आणि प्रार्थनास्थळे यांना प्रश्नपत्रिका, सूचनापत्रे आणि पत्रके स्वस्तात व झपाट्याने काढता यावीत, हा त्यामागचा हेतू होता. ज्या वाचकांनी सायक्लोस्टाईल पाहिले असेल, त्यांना याचे तत्त्व लगेच कळेल, कारण एडिसनने १८७६ साली ज्या स्टेन्सिल-छपाईचे पेटंट घेतले त्याच घराण्यातले हे यंत्र आहे. फरक एवढाच की, स्टेन्सिल हाताने किंवा टंकयंत्राने कापण्याऐवजी येथे एक उष्ण पट्टी मास्टर नावाच्या पातळ पडद्यावर अतिसूक्ष्म छिद्रे पाडते. हा मास्टर शाईने भरलेल्या ड्रमभोवती गुंडाळला जातो, ड्रम फिरतो आणि आतली शाई छिद्रांमधून थेट कागदावर उतरते. कागदाला उष्णता लागत नाही. वेग मिनिटाला शंभराहून अधिक प्रतींचा असल्यामुळे दोनशे प्रतींचा एक रंग दोन-तीन मिनिटांत संपतो. एका ड्रममध्ये एकच रंग असल्याने दुसऱ्या रंगासाठी ड्रम बदलून तेच कागद पुन्हा आत घालावे लागतात. दोन ड्रम एकाच वेळी बसवता येणारी यंत्रेही आहेत, पण तिसरा रंग हवा असेल तर तेथेही कागद पुन्हा फिरवावाच लागतो.

या रचनेतूनच खर्चाचे गणितही निघते. खर्चाचा मोठा भाग मास्टर करण्याचा असतो, आणि मास्टर एकदा झाला की दहावी प्रत काय आणि दोनशेवी प्रत काय, दोहोंना लागतात फक्त कागद आणि शाई. त्यामुळे पंचवीस-तीस प्रतींच्या आत ही छपाई महाग वाटते, शंभराच्या पुढे ती डिजिटलपेक्षा स्वस्त पडू लागते, आणि प्रत्येक वाढीव रंगाबरोबर खर्च एक पायरी वर चढतो. माझ्या नऊ पोस्टर्सपैकी सात दोन रंगांची आहेत, आणि त्यामागे सौंदर्यदृष्टी जेवढी आहे तेवढेच हे गणितही आहे.

रंगांविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण लोक या छपाईकडे येतात ते रंगांमुळेच. नेहमीच्या छपाईत सगळे रंग चार शाईंच्या बारीक ठिपक्यांतून भासवले जातात. रिसोत रंग शाईतच असतो. फ्लुओरेसंट गुलाबी हा या छपाईचा सर्वांत लाडका रंग, आणि त्याची धग चार शाईंच्या छपाईत कधीच येत नाही. शाई पारदर्शक असल्यामुळे निळ्यावर गुलाबी आला की तिसरा, जांभळा रंग आपोआप मिळतो, आणि पिवळ्यावर निळा आला की हिरवा. दोन ड्रममधून तीन रंग, आणि कागदाचा स्वतःचा रंग धरला तर चार. त्यातच दहा, तीस, साठ टक्के अशा छटा वापरल्या की दोन शाईंची पोस्टर्सही मोजकी असून भरगच्च दिसू शकतात. कलेच्या पोस्टरचा इतिहासच मुळात अशा मोजक्या शाईंचा आहे. पॅरिसमध्ये चित्रकार ज्यूल शेरे यांनी लिथोग्राफीचे, म्हणजे शिळाछपाईचे, तीन-चार दगड एकावर एक छापून रस्त्यांवरच्या भिंती रंगीत केल्या, आणि वायमारमध्ये १९२३ साली भरलेल्या बाउहाउस या कलाशाळेच्या प्रदर्शनासाठी योस्ट श्मिट यांनी केलेले पोस्टर लाल आणि काळ्या रंगांतच उभे आहे. ही पोस्टर्स पाहताना मला नेहमी जाणवते की, त्यांत रंग कमी आहेत असे कोणाच्या मनातही येत नाही.

थरांनी छापण्याचा आणखी एक लाभ मला एका अडचणीच्या प्रसंगी कळला. एका समूह-प्रदर्शनाची दीडशे पोस्टर्स छापून झाल्यावर दालनाने तारखा चार दिवसांनी पुढे ढकलल्या. चित्रकार गुस्टाव क्लिम्ट यांनी व्हिएन्ना सेसेशन या कलाकारांच्या गटाच्या १८९८ सालच्या पहिल्या प्रदर्शनासाठी केलेल्या पोस्टरची हकिकत मला तेव्हा आठवली. त्यातील ग्रीक पुराणकथेतल्या वीराच्या, थीसिअसच्या, नग्न आकृतीवर सेन्सॉरने आक्षेप घेतल्यावर सुधारित आवृत्तीत त्या आकृतीपुढे झाडांचे काळे बुंधे आले आणि पोस्टर भिंतीवर लागू शकले. आमचे कारण त्यामानाने फारच साधे होते, पण उपाय तोच होता. मी काळ्या रंगाचा एक नवा मास्टर करून घेतला, जुन्या तारखांवर रुंद काळी पट्टी आणली, त्या पट्टीत नव्या तारखा कोऱ्या अक्षरांत ठेवल्या आणि तेच कागद पुन्हा यंत्रातून काढले. कोऱ्या अक्षरांतून जुन्या तारखांचे फिकट पिवळे अवशेष थोडेसे दिसत राहिले, तरी वाचताना अडचण आली नाही. ऑफसेट किंवा डिजिटल छपाई असती तर तो सगळा गठ्ठा बहुधा रद्दीत गेला असता.

आता तयारीविषयी. डिझायनरचे खरे काम येथेच आहे आणि पहिल्यांदा येणारे लोक येथेच अडखळतात. छापखान्याला रंगीत फाइल नको असते. प्रत्येक शाईसाठी एक, अशा वेगवेगळ्या करड्या छटांतल्या फाइली द्याव्या लागतात. त्या फाइलीत काळे असेल तेथे शाई पूर्ण पडेल आणि करडे असेल तेथे तेवढ्या प्रमाणात. गुलाबी पोस्टर करताना समोर काळीकरडी फाइल असते आणि रंग डोक्यात ठेवावा लागतो. संगणकाच्या पडद्यावर रंग चढवून पाहता येतात, परंतु त्या दृश्यावर विसंबून राहू नये, कारण फ्लुओरेसंट शाई पडदा दाखवूच शकत नाही आणि शोषक कागदावर प्रत्येक रंग किंचित मवाळ होतो. त्याचप्रमाणे, कागद दोनदा यंत्रातून जात असल्यामुळे दुसरा रंग पहिल्यावर तंतोतंत बसेल अशी अपेक्षा ठेवू नये. एखाददुसऱ्या मिलिमीटरची सरक धरूनच रचना करावी; दोन रंगांच्या कडा एकमेकींना चिकटवून ठेवण्यापेक्षा एक आकार दुसऱ्यावर सरळ चढू द्यावा.

देवनागरी मजकुरासाठी यात विशेष काळजी लागते. मजकूर नेहमी एकाच शाईत ठेवावा, कारण दोन शाईंतून बनलेल्या अक्षराची शिरोरेखा जराशी सरकली तरी ओळीला दोन छपरे दिसतात. गडद पार्श्वभूमीत कोरी अक्षरे ठेवायची असतील तर ती जाड वळणाची आणि मोठी असावीत. शाई पसरून अनुस्वार बुजतो, ‘ष’ आणि ‘क्ष’ यांची पोटे भरतात आणि रफार मात्रेला चिकटतो. पहिल्याच पोस्टरवर मी चित्रकारांची नावे निळ्या पट्टीत नऊ पॉइंटच्या नाजूक अक्षरांत कोरी ठेवली होती, आणि त्यांतली दोन नावे वाचताच येईनात. ज्यांच्या प्रदर्शनाचे पोस्टर, त्यांचेच नाव वाचता येऊ नये, याचे मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून नावे काळ्या किंवा गडद निळ्या शाईत, कोऱ्या कागदावर आणि बारा पॉइंटच्या वरच ठेवते.

या छपाईची सर्वांत मोठी मर्यादा मला एका ज्येष्ठ चित्रकर्तीमुळे नीट समजली. त्या जलरंगात काम करतात. करड्या-हिरव्या रंगाच्या इतक्या हलक्या छटा की, त्या मूळ चित्रातही शांतपणे बघितल्याशिवाय दिसत नाहीत. त्यांच्या एका चित्राचे छायाचित्र मी दोन शाईंत विभागून नमुना काढला आणि मोठ्या उत्साहाने त्यांना दाखवला. त्यांनी तो खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, “पोस्टर छान आहे गं, पण हे माझं चित्र नाही.” त्यांचे म्हणणे पूर्णपणे बरोबर होते. चित्राची प्रतिकृती हे रिसोचे काम नाही. यंत्राची ६०० डीपीआयची (इंचाला ६०० ठिपक्यांची) क्षमता, दाणेदार छटा किंवा लहानमोठ्या ठिपक्यांतून छटा भासवणारे हाफटोन, यांपैकी काहीही वापरले तरी जलरंगाचा तरल उतार त्यात टिकत नाही, आणि चार-पाच शाई वापरून मूळ रंगांच्या जवळ जाण्याचा खटाटोप केला तर खर्चही वाढतो आणि सरकही.

आम्ही नंतर जे केले, त्यामुळे या सेवेकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. या यंत्रावर सपाट काचेचा स्कॅनर असतो आणि कागदावर काळ्या रंगात काढलेले काहीही त्यातून थेट मास्टरवर जाऊ शकते. संगणकाची गरजच पडत नाही. मी त्यांना ए३ आकाराचे दोन कोरे कागद दिले आणि विनंती केली की, पहिल्या कागदावर जे काढाल ते हिरवे होईल, दुसऱ्यावरचे निळे होईल, पण दोन्हीकडे शाई मात्र काळी वापरा. त्यांनी चिनी शाईत रुंद कुंचला बुडवून एका कागदावर झाडीचे वस्तुमान काढले आणि दुसऱ्यावर, कोरड्या होत आलेल्या कुंचल्याने, पाण्याचे आडवे फटकारे. मजकुराची जागा मी आधी पेन्सिलीने आखून दिली होती. मजकूर मी वेगळ्या कागदावर छापून, कापून, निळ्या थरावर चिकटवला. यंत्रातून पहिली प्रत बाहेर आली तेव्हा त्या स्वतः तेथे उभ्या होत्या, आणि दोन काळ्या कागदांतून निघालेले ते हिरवे-निळे पाणी पाहून त्यांनी आणखी तीन जोड्या काढायला घेतल्या. ते पोस्टर त्यांच्या चित्राची जाहिरात नव्हते. ते त्यांनी या यंत्रासाठी केलेले नवे काम होते. दोनशेपैकी चाळीस प्रती त्यांनी सही करून प्रदर्शनातच मांडल्या. तेव्हापासून मी चित्रकारांकडे चित्राचे छायाचित्र मागत नाही, त्यांचा एक दिवस मागते. सगळे देत नाहीत. जे देतात त्यांची पोस्टर्स माझ्या कामातली सर्वांत चांगली पोस्टर्स आहेत, असे मला मनापासून वाटते.

दोषांची यादी लहान नाही, पण बहुतेक दोष आधी माहीत असले तर टाळता येतात. ही शाई उष्णतेने पक्की होत नाही. ती कागदात मुरते, म्हणून चकचकीत आर्ट पेपर येथे चालत नाही. बहुतेक यंत्रे साधारण ४६ ते २१० जीएसएमपर्यंतचा (जीएसएम म्हणजे दर चौरस मीटरला ग्रॅममधले वजन) कागद घेतात; माझा अनुभव असा की, १२० ते १६० जीएसएमचा, थोडा खरबरीत, किंचित पिवळसर कागद पोस्टरला सर्वांत शोभतो. पूर्ण पानभर गडद रंग भरला तर कागद ड्रमला चिकटतो, रोलरचे डाग उमटतात आणि वरचा कागद खालच्यावर शाई सोडतो. दोन रंगांच्या मध्ये निदान एक दिवस जाऊ द्यावा लागतो आणि छपाई पूर्ण झाल्यावरही गडद भागावर बोट घासले तर डाग येऊ शकतो. प्रत्येक पोस्टरची छटा थोडी वेगळी येते. मला ते आवडते, परंतु आयोजकांना आधी सांगितले नाही तर ते त्याला चूक समजतात. कागदाच्या कडेपर्यंत छपाई होत नाही, चारही बाजूंना कोरी पट्टी राहते, आणि ती नको असेल तर पोस्टर कापून लहान करावे लागते. बहुतेक यंत्रांवर ए३, म्हणजे २९७ × ४२० मिलिमीटर, हीच साधारण कमाल मर्यादा असते. दोन कागद जोडून ए२ करता येते, पण जोडाची रेघ लपत नाही, म्हणून ती रचनेत मुद्दाम धरावी लागते. पावसात किंवा उघड्यावर लावायच्या पोस्टरसाठी ही छपाई नाहीच.

सेवा म्हणून पाहता, मला या छापखान्याची सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे ते नाही म्हणतात. पानभर निळा रंग मागितला तेव्हा त्यांनी तो सत्तर टक्क्यांवर आणण्याचा आग्रह धरला, आणि त्यांच्याच कागदावर छापलेला सगळ्या शाईंचा तक्ता समोर ठेवून सत्तर टक्केही पुरेसे गडद दिसते हे दाखवले. कोणत्याही रिसो छापखान्यात प्रथम हा तक्ता मागावा आणि तो आपण निवडलेल्याच कागदावर छापलेला असावा याची खात्री करून घ्यावी. एकदा मात्र त्यांच्याकडून मोठी चूक झाली. उद्घाटनाच्या घाईत त्यांनी ओले कागद गठ्ठा बांधून पाठवले आणि साठ-सत्तर पोस्टर्सच्या मागच्या बाजूला गुलाबी छाप उमटला. त्यांनी चूक मान्य केली आणि तेवढी पोस्टर्स पुन्हा छापून दिली, पण ती उद्घाटनानंतर तिसऱ्या दिवशी आली. तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळते: हव्या त्याहून दहा टक्के प्रती अधिक सांगते, आणि छपाईच्या वेळी स्वतः हजर राहते. पहिल्या पाच-सहा प्रतींमध्येच शाईची घनता आणि रंगांची जागा दुरुस्त करता येते. तेथे आपण नसलो तर तो निर्णय दुसरे कोणीतरी घेते.

ही छपाई पर्यावरणस्नेही आहे असे वारंवार सांगितले जाते. शाईत वनस्पती तेलाचा अंश असतो आणि उष्णता न लागल्याने छपाईला वीज कमी लागते, हे खरे आहे. पण प्रत्येक रंगामागे एक शाईने माखलेला मास्टर फेकला जातो आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जागा, जुळेपर्यंत काही कागद वाया जातात, हेही तितकेच खरे आहे. केवळ या कारणासाठी कोणी रिसो निवडावी असे मी म्हणणार नाही.

शेवटची सूचना फ्लुओरेसंट शाईविषयी, कारण ती मला कोणी आधी दिली नव्हती. या शाई उजेडात टिकत नाहीत. माझे पहिले पोस्टर मी चौकटीत घालून कामाच्या टेबलासमोर, खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर लावले होते. दोन वर्षांनी काच पुसण्यासाठी चौकट उघडली तेव्हा चौकटीच्या कडेखाली झाकलेली गुलाबी पट्टी पहिल्या दिवसाइतकी तेजस्वी होती, आणि बाकीचा गुलाबी रंग धुतलेल्या कापडासारखा फिका झाला होता. काळी अक्षरे मात्र जशीच्या तशी होती. आता प्रत्येक पोस्टरच्या पाच प्रती मी छपाईच्याच दिवशी बाजूला काढते आणि शाई मुरल्यावर पातळ कागद मध्ये घालून सपाट खणात अंधारात ठेवते. प्रदर्शन संपल्यावर चित्रकारांपैकी कोणी ना कोणी एक तरी प्रत मागायला येतेच.